उकळलेल्या लोकरीचा कोट

पॅरिसच्या बायका थंडीत जाड का दिसत नाहीत, हा प्रश्न मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पडला. तोपर्यंत धारूरच्या पेठेतल्या माझ्या दुकानात मी ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस आणि लग्नसराईत घागरे शिवत होते. पॅरिसशी संबंध म्हणाल तर एका गिऱ्हाइकाने आणलेल्या पिशवीवर त्या लोखंडी मनोऱ्याचं चित्र होतं, तेवढाच.

प्रश्न आणला रेणुकाने. रेणुका म्हणजे डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवरची धनगराची मुलगी. दहावीपासून तिचे कपडे मीच शिवत आले. घरात शंभरेक मेंढरं, वडील लहानपणीच गेलेले, आई भामाबाई मेंढरांमागे. ही मुलगी शिकत शिकत जनावरांची डॉक्टर झाली आणि मेंढ्यांच्या आजारांवर पुढचं काम करायला तिला फ्रान्समधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांसाठी जागा मिळाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचं होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा ती एक मोठी पिशवी घेऊन दुकानात आली.

पिशवीतून तिने फुगीर जाकीट काढलं आणि अंगात घातलं.

"मावशी, खरं सांगा, कशी दिसते मी?"

"गादी गुंडाळल्यावाणी," मी म्हटलं.

"मलाबी तसंच वाटलं." तिने जाकीट काढून स्टुलावर ठेवलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघा. तिथं जानेवारीत अशी थंडी असती की पाणी गोठतं. आन ह्या पॅरिसच्या बाया बघा."

मी चष्मा लावला. रस्त्याने चाललेल्या साध्या बायका होत्या, नट्या नव्हत्या. कुणी भाजीची पिशवी घेतलेली, कुणी सायकलवर. प्रत्येकीच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा गडद रंगाचा कोट, गळ्यात मफलर, आणि कमरेला कमर दिसत होती. आमच्याकडे थंडी पडली की बाई ब्लाऊजवर नवऱ्याचा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर पदर, डोक्याला टॉवेल असं करत करत तिची मूळ आकृती हरवून जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका माझ्याकडून लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतात, पाचट लागू नये म्हणून आणि पहाटे गार लागू नये म्हणूनही. त्यातल्या एकीलाही मी कधी विचारलं नव्हतं की बाई, त्यात तू कशी दिसतेस. थंडीतल्या कपड्याला दिसणं असतं, हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

"आत काय घालतेत ह्या?" मी विचारलं.

"तेच तर कळंना."

"आन तुला असं दिसायचं कशाला? थंडी वाजली न्हाई म्हणजे झालं की."

रेणुकाने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "मावशी, पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्या वर्षी माझ्या स्वेटरला मेंढराचा वास येतो म्हून पोरींनी माझी खाट दाराजवळ सरकवली होती. तिथं लोकांनी मला डोक्यावर घ्यावं असं न्हाई माझं म्हणणं. पण दारातून आत गेल्यावर कुणाला वाटू नये की ही चुकून आलीय."

मी तिला म्हटलं, फोटो माझ्या फोनवर पाठव, आठ दिवसांनी ये.

ते आठ दिवस मी कामापेक्षा फोटोच जास्त बघितले. बोटांनी मोठे करून शिलाया मोजल्या. माझ्या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायचं तर ब्लाऊज आणि कोट यांत फरक असा आहे: ब्लाऊज अंगाला धरून बसतो, त्याचा सगळा भार छातीला आकार देणाऱ्या टक्सच्या चुण्यांवर आणि मुंढ्यावर, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलावर. कोट अंगाला धरत नाही. तो खांद्यावर टेकतो आणि तिथून स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. खांदा चुकला तर खाली कितीही कारागिरी करा, कोट लोंबतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, शिवून चुकल्यावर कळलं.

पण काही गोष्टी फोटोतूनच कळल्या. एका बाईने कोट उघडा टाकला होता. आत पातळ स्वेटर, त्याच्या गळ्यातून डोकावणारी आणखी पातळ बनियनसारखी बाही. म्हणजे त्या एकच जाड काही घालत नव्हत्या, अंगाजवळ दोन-तीन पातळ थर आणि बाहेरून एक चांगला कोट. जाडी सगळी कोटात, आणि कोट बेतलेला असल्याने ती जाडी दिसत नाही. मफलरही नुसता गुंडाळलेला नव्हता, कॉलर आणि मान यांच्यामधली फट बुजवायला होता. वारं तिथूनच शिरतं. हे आमच्या मेंढक्यांनाही माहीत आहे, म्हणून ते टॉवेल कानावरून गळ्याखाली घेतात. मला फार गंमत वाटली. इतक्या लांबच्या बायका आणि आमचे लोक एकाच फटीशी झगडत होते.

पेठेतल्या दुकानातून मी पँटचं जाड कापड घेतलं, काळं. तसं चांगलंच होतं. माझ्या पद्धतीने बेतलं, शिवलं, रेणुकाला घातलं. आम्ही दोघी आरशात बघत राहिलो.

"रेल्वेचा टीसी," रेणुका म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी तो कोट घडी घालून पिशवीत टाकला आणि समोरच्या बाजूला राहणाऱ्या रहीमचाचांकडे गेले.

रहीमचाचा गावातले जुने जेंट्स टेलर. शेरवानी आणि कोट शिवावेत तर त्यांनीच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोळे अधू झाले म्हणून दुकान बंद केलेलं, पण दुपारी ओट्यावर बसत. आमच्या दोघांच्या धंद्यात एक न बोललेली वाटणी होती. बायकांचं माझ्याकडे, पुरुषांचं त्यांच्याकडे. चाळीस पावलांवर असूनही एवढ्या वर्षांत कामाचं आम्ही एकदाही बोललो नव्हतो. सणाला शिरखुर्मा यायचा, दिवाळीला फराळ जायचा, पण सुई-दोऱ्याचा विषय नाही.

चाचांनी माझा कोट हाताने चाचपला. डोळ्यांजवळ नेला नाहीच. खांद्याशी बोटं थांबली.

"बेटी, हा तू ब्लाऊज शिवलायस. गुडघ्यापर्यंत लांब ब्लाऊज."

"मला दुसरं येतच नाही चाचा."

"शिकशील. ते सोड. पण हे कापडच कोटाचं न्हाई. ह्याला जान न्हाई. कोटाला लोकर लागते. लोकरीला वाफ दिली की ती आकसते, ओढली की ताणते. खांद्याला गोलाई इस्त्रीनं आणायची असते, कातरीनं न्हाई. पँटीच्या कापडाला कितीबी वाफ दे, ते ऐकत न्हाई."

मग जाड लोकरीचं कापड शोधलं. धारूरला नाही, माजलगावला नाही, अंबाजोगाईला नाही, बीडच्या मोठ्या दुकानातही नाही. आमच्याकडे एवढी थंडी कुठे असते, असं दुकानदार म्हणत. ते खोटं नव्हतं, पण त्या दिवसांत घाटाच्या तोंडाशी वारं असं सुटलं होतं की मी शाल घेऊनच हिंडत होते. डिसेंबर लागला. रेणुकाचं येणं-जाणं कमी झालं, कागदपत्रांमागे ती पुण्याला होती.

आणि एका बाजाराच्या दिवशी भामाबाई आल्या. उंच, सडपातळ, हातात काठी. डोक्यावरचं गाठोडं त्यांनी दुकानाच्या उंबऱ्यावर उतरवलं. आत दोन घोंगड्या होत्या. अस्सल काळ्या, न वापरलेल्या, चिंचोक्याच्या खळीने कडक केलेल्या, तशाच्या तशा.

"सुमनताई, ह्याच्यातली एक रेणूसंगं द्यायची हाय. काठ जरा उसवलाय, तेवढा मारून द्या. तिकडं पांघरंल."

"घरच्या मेंढरांची?"

"आमच्याच. लोकर आमी कातली, विणली पल्याडच्या गावच्या म्हाताऱ्यानं. तो आता न्हाई ऱ्हायला. त्याच्यामागं कुणी मागावर बसंना."

त्या बाजाराला गेल्या आणि मी काठ मारायच्याऐवजी घोंगडी पसरून तिच्याभोवती फिरत बसले. लोकर. जाड, काळी, भरपूर. कोपऱ्याचा एक छोटा तुकडा कापून बघितला तर कडेचे धागे सुटायला लागले, आणि गालाला लावला तर काटे टोचल्यासारखं झालं. आणि वास होताच. तरीही कल्पना डोक्यातून जाईना. भामाबाई परत आल्यावर मी त्यांना विचारलं, काठ मारण्याऐवजी हिचा कोट केला तर? त्या हसल्या. "मला कोटातलं काय कळतंय? तिला चालत आसंल तर करा." जाताना दुसरी घोंगडी त्या परत घेऊन गेल्या.

रेणुकाला फोन केला. कल्पना सांगितली.

"मावशी, घोंगडी घालून मी तिथं जाऊ?"

"घोंगडी न्हाई, कोट."

"वास तोच की."

"वास गेला तर?"

"गेला तर बघू," ती म्हणाली. नाही म्हणायचं तिला जड जात होतं, एवढंच.

आता मी जे केलं ते सांगते. एवढ्या वर्षांच्या धंद्यात धुऊन घेतल्याशिवाय मी कधी कापड बेतलेलं नाही, याचा मला अभिमान आहे. सुती कापड आधी भिजवायचं, आटायचं ते आटू द्यायचं, मग कातरी. तीच सवय इथे नडली. अंगणात चुलीवर पाणी चांगलं कढत केलं, रिठे टाकले, टपात घोंगडी बुडवली. भिजल्यावर ती एवढी जड झाली की हाताने हलेना. म्हणून साडी वर खोचली, पाणी सोसवेल इतकं झाल्यावर टपात उभी राहिले आणि पायांनी तुडवली. अर्धा तास. पाणी बदललं, पुन्हा कढत घेतलं, पुन्हा तुडवली. वास जायला हवा होता ना.

वाळल्यावर दोरीवरून काढली आणि हाताने मोजली. लांबीत हातभर गेली होती, रुंदीत वीतभर. जाडी मात्र दुप्पट. विणीचे धागे दिसेनात, सगळं एकमेकांत मिसळून एक सपाट, दाट, मऊसर काहीतरी झालं होतं. घोंगडी राहिली नव्हती. ज्या म्हाताऱ्यामागे मागावर बसणारा कुणी नाही, त्याच्या हातची वस्तू मी कढत पाण्यात घालून नासवली होती.

भामाबाईंना हे मी चार दिवस सांगितलं नाही. एकदा त्या पेठेतून जाताना दिसल्या तर मी मशीनवर मान खाली घालून बसले. त्या दाराशी थांबल्या, "झालं का काई?" म्हणून विचारलं, आणि मी "चाललंय" म्हणाले. गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर त्याच दिवशी तोंडावर सांगायचं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवते. माझी वेळ आल्यावर चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी चाचांकडे घेऊन गेले. निदान काय झालंय ते कळावं म्हणून. चाचांनी घोंगडी मांडीवर घेतली, मुठीत दाबली, सोडली. मग कातरी मागितली आणि एका कडेचा तुकडा कापून माझ्या हातात दिला.

"धागा काढून दाखव."

मी नखाने ओढलं. एकही धागा निघेना. कापलेली कड सुरीने कापलेल्या वडीसारखी स्वच्छ.

"हे कुणी केलं?" चाचांनी विचारलं.

"माझ्याकडून बिघडलं."

"बिघडलं?" ते हळूच हसले. "अशा कापडासाठी आमचे उस्ताद हैदराबादेत गिऱ्हाइकाला दोन दोन महिने थांबवायचे. ह्याला अस्तर लाव आन काम सुरू कर."

त्याच आठवड्यात रेणुका पुण्याहून आली. मी तिच्यापुढे तो गठ्ठा ठेवला. तिने हात फिरवला. नाकाजवळ नेला. रिठ्याचा वास होता, खाली अगदी पुसट लोकरीचा. तिने मोबाइल काढला, जवळून फोटो घेतला आणि फ्रान्सच्या आपल्या बाईंना पाठवला. तिला तिथे शिकवणार होत्या त्या बाई, साठीच्या असतील. ती त्यांना मादाम म्हणत असे. तासाभराने दुकानातच त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

पडद्यावर पिकलेले आखूड केस, बारीक चष्मा. त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि रेणुका मला सांगत होती.

"मावशी, त्या म्हणतेत हे कापड त्यांच्याकडं बी असतं. उकळलेली लोकर म्हणतेत त्याला. मुद्दाम उकळतेत."

"मुद्दाम?"

"हो. वारं आत जाऊ नये म्हून."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्यांना विचार, त्यांच्याकडं तसला कोट असला तर आतून दाखवतील का?"

रेणुकाला लाज वाटली असावी, पण तिने विचारलं. मादाम उठून गेल्या आणि गडद हिरवा कोट घेऊन आल्या. तो त्यांनी मेजावर उलटा केला आणि कॅमेरा जवळ नेला. मी एकेक विचारत गेले. बाही एका तुकड्याची की दोन? दोन, कोपराला वळण देण्यासाठी. अस्तर कोटाला खालून शिवलंय की सुटं? सुटं, म्हणजे कोट ओढला जात नाही. पाठीत अस्तराला ही घडी कशाला? हात पुढे केला तर अस्तर फाटू नये म्हणून. कॉलरच्या खाली काय आहे? त्यांनी कॉलर उलटवली. आत तिरक्या टाक्यांच्या ओळी होत्या, हाताने घातलेल्या, एकसारख्या. त्या टाक्यांनीच कॉलर उभी राहत होती.

मग त्यांनी अस्तराचा एक भाग दाखवला, तिथे रंग जरा वेगळा होता. त्या काही बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"हा कोट त्यांच्या आईचा हाय. अस्तर तीनदा बदललंय. बाह्या एकदा. त्या म्हणतेत, त्यांच्या आईकडं हा एकच होता, म्हून तो नीट शिवून घेतला होता."

मला वाटलं होतं की त्या बायकांकडे कपाटं भरून कोट असतील. ते टाकून नवे घेत असतील म्हणून अशा दिसत असतील. तर हा एकच कोट, दोन पिढ्या, तीनदा अस्तर. मी मादामना हात जोडले. त्यांनीही जोडले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो रेणुकाने हसत सांगितला. घोंगडी कशात धुतली, ते फळ कसं दिसतं. मी भरणीतले रिठे मूठभर काढून पडद्यासमोर धरले. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

कॉल संपल्यावर रेणुका म्हणाली, "करा मावशी कोट. पण कापड पुरंल का?"

पुरणार नव्हतं. आटल्यामुळे एका घोंगडीत कोट बसत नव्हता. दुसरी लागणार होती आणि तीही तशीच उकळावी लागणार होती. म्हणजे आता भामाबाईंना तोंड दाखवणं भाग होतं.

मी रेणुकाबरोबर वस्तीवर गेले. भामाबाई मेंढरं कोंडायच्या वाड्याला जाळी लावत होत्या. मेंढरं अजून यायची होती. मी गाठोडं सोडलं आणि सगळं सांगितलं, चार दिवस लपवल्याचंही. त्यांनी घोंगडी उलगडली. आपल्या हाताने मोजली, कोपरापासून बोटांपर्यंत, पुन्हा पुन्हा. दर वेळी ती हातभर कमीच भरे.

"ही जोडी रेणूच्या लग्नासाठी केलती," त्या म्हणाल्या. "मांडवात बसायला."

रेणुका खाली बघत होती. मला वाटलं आता हे प्रकरण इथेच संपलं.

"भामाबाई, चूक माझी हाय. दुसरीला मी हात लावणार न्हाई. ही भरून देता येत न्हाई, पण..."

"कावून हात लावणार न्हाई?" त्या म्हणाल्या. त्यांनी कापडाचा एक पदर तोंडाला लावला आणि जोरात फुंकर मारली. पलीकडे हात धरला. पुन्हा फुंकली. मग रेणुकाला म्हणाल्या, "तू धर गं हात. वारं लागतंय का?"

रेणुकाने हात धरला. "न्हाई लागत."

"आपल्या घोंगडीतून फुंकर जाती. पाऊस जात न्हाई, पण फुंकर जाती." त्या कापडाकडे नव्याने बघत होत्या. "एवढी वर्सं पांघरली, आन कुणाला उकळून बघावं असं सुचलं न्हाई." त्यांनी आत जाऊन दुसरी घोंगडी आणली आणि माझ्याकडे दिली. "लग्न काई पळून जात न्हाई. हिला गार लागाया नको."

दुसरी घोंगडी आम्ही तिघींनी मिळून तुडवली, वस्तीवरच. भामाबाईंचे पाय माझ्यापेक्षा फार सरावाचे निघाले.

बेतायला चाचा दुकानात येऊन बसले. इतक्या वर्षांत माझ्या दुकानाचा उंबरा त्यांनी पहिल्यांदा ओलांडला. खडू माझ्या हातात, बोटं त्यांची. "इथं अर्धा बोट सोड. इथं सोडू नको." कमरेपाशी आम्ही अडलो. चाचांच्या कोटात कमर कधी नसायचीच, पुरुषांना ती कशाला. तिथे माझा नंबर लागला. टक्स कुठून उचलायचा, छातीखाली किती सोडायचा, ते मी सांगितलं. चाचा मान हलवत म्हणाले, "हे मला येत न्हवतं." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मला आवडलं, हे कबूल करते.

माझ्या मशीनवर एवढा जाड थर चालेना, सुया मोडल्या. मग जाड भाग हाताने शिवले. कॉलरचे तिरके टाके मी तीनदा उसवले. अस्तर मरून रंगाचं, रेणुकाने पसंत केलेलं, सुटं ठेवलं आणि पाठीत घडी घातली. लोकर टोचू नये म्हणून कॉलरच्या आत मखमलीची पट्टी लावली, ही माझी स्वतःची भर. आत घालायला दोन पातळ गळाबंद बनियन शिवले आणि माझ्या जुन्या मऊ शालीचा मफलर केला.

ट्रायलला रेणुका आरशापुढे उभी राहिली. पट्टा बांधला. मग कुणी न सांगता तिने हात मागे नेला आणि कॉलर उभी केली. चाचांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी विचारलं, "कसा बसलाय?"

"खांद्यावर बसलाय," मी म्हटलं.

ती गेली. फेब्रुवारीत तिचा फोटो आला. दगडी फरसबंदीचा रस्ता, उघडी झाडं, आणि काळ्या कोटातली रेणुका. पहिल्यांदा मी चेहरा बघितला, मग लगेच फोटो मोठा करून उजवी बाही. कोपरामागे एक सुरकुती होती जी असायला नको होती. मागचा तुकडा मी जरा तोकडा कापला होता. ती सुरकुती मला अजून दिसते. खाली तिने लिहिलं होतं की पहिल्या दिवशी दारात मादामनी तिला उभं केलं आणि इतरांना कोट उलटा करून आतून दाखवला. तिला फार अवघडल्यासारखं झालं. मग एकीने विचारलं, ही कुठल्या मेंढीची लोकर. त्यावर तिला बोलता आलं. तो तर तिचाच विषय.

हा फोटो गावात फिरला. बीडच्या दोन बायका गाडी घेऊन आल्या, अगदी असाच कोट पाहिजे म्हणून. मी विचारलं, घोंगडी आहे का. त्या म्हणाल्या, घोंगडी नको, कापड तुम्हीच घ्या. मी पँटच्या कापडाचा तो पहिला कोट काढून दाखवला. त्या चहा पिऊन गेल्या. आजूबाजूच्या गावांत मी हातमागाची चौकशी केली, चाचांनीही केली. लोकर कातरून लोक फेकून देतात, असं कळलं. कुणी घेतच नाही. एवढी लोकर, आणि तिचं कापड करणारा हात नाही. मादामचे प्रश्न अजून येतात, रेणुकामार्फत. मेंढी वर्षातून किती वेळा कातरता, लोकर कुठल्या महिन्यात चांगली. मी भामाबाईंना विचारून कळवते.

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला भामाबाई दुकानात आल्या. हातात त्यांची रोजची, वापरातली घोंगडी. तीन ठिकाणी ठिगळं.

"ही उकळली मी," त्या म्हणाल्या. "चार डाव तुडवली. आता ह्याचा मला कोट पाहिजे."

"तुम्हाला?"

"मग. मेंढरांमागं हिंडताना घोंगडी एका हातानं धरावी लागती. दोनी हात मोकळे ऱ्हातेत ना कोटात?"

"राहतेत."

"आन खिसे मोठे ठेवा. नवं कोकरू बसलं पायजे."

मी टेप काढला. त्यांचं कधी कुणी माप घेतलं नव्हतं, ब्लाऊज नेहमी जुन्या ब्लाऊजवरून बेतलेला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात बाजूला पसरले आणि ताठ उभ्या राहिल्या. मी खांदा मोजला. चांगला रुंद, सरळ खांदा. मग छाती, मग बाही, या वेळी कोपरामागे अर्धा बोट जास्त धरून. कमरेपाशी टेप फिरवताना मी विचारलं, "इथं सैल ठेवू?"

त्या आरशात बघत होत्या. म्हणाल्या, "न्हाई. दिसू द्या."